बोरघाट आणि माझी सायकल

मंडळी, मुंबईहून जुन्या रस्त्यानं पुण्याकडे निघालात की खोपोली लागते, आणि डोंगर एकदम समोर उभा राहतो. पनवेलपासून भातखाचरांच्या कडेनं आलेला रस्ता इथं मान वर करतो. एस.टी. असो की मालट्रक, गाडीचा आवाज बदलतो, ड्रायव्हर गिअर पाडतो आणि खिडकीतली माणसं पाठीमागं रेलतात. हे तुमच्यापैकी पुष्कळांनी अनुभवलं असेल. मी मात्र आज तुम्हाला हा घाट सायकलवरून दाखवणार आहे. मी तो सायकलनं तीनदा चढलो आहे, आणि त्याहून जास्त वेळा त्याच्या माथ्यावर हातात घड्याळ घेऊन चढणाऱ्यांची वाट पाहत उभा राहिलो आहे. दोन्हींत जास्त घाम कशानं आला, ते पुढं सांगतो.

हा बोरघाट. कोकण आणि देश यांच्यामधली ही फार जुनी वाट. पूर्वी लमाणांचे बैल धान्य आणि मीठ घेऊन इथून चढउतार करत. १८३० साली इंग्रजांनी गाडीरस्ता केला, आणि १८६३ साली आगगाडीही या डोंगरातून वर आली. रेल्वेला वाट सापडेना तेव्हा शिंगरोबा नावाच्या धनगरानं आपल्या मेंढरांच्या पायवाटेनं साहेबाला वर नेलं, असं सांगतात. बक्षीस काय हवं म्हणून विचारलं तर त्यानं देशाचं स्वातंत्र्य मागितलं, आणि साहेबानं त्याला गोळी घातली, असंही सांगतात. घाटात त्याचं देऊळ आहे. ट्रकवाले तिथं हात जोडतात, नाणं टाकतात. शर्यतीतली पोरंसुद्धा तेवढ्या धापेत हॅंडलवरचा एक हात काढून कपाळाला लावताना मी पाहिली आहेत.

आता चढाचा हिशेब ऐका. खोपोली समुद्रसपाटीपासून साठ-सत्तर मीटर उंचीवर, खंडाळा साडेपाचशेच्या आसपास. म्हणजे दहाएक किलोमीटरच्या रस्त्यात जवळजवळ पाचशे मीटर वर जायचं. आपल्या भाषेत सांगायचं, तर शंभर फूट खोल विहिरीच्या तळातून काठावर यायचं, आणि असं उसंत न घेता सोळा वेळा करायचं. बरं, घाटाच्या पायथ्याशी येईपर्यंत मुंबईपासून साठ-सत्तर किलोमीटर पाय चालवून झालेले असतात, ते वेगळंच.

२००२ साली द्रुतगती मार्ग पुरा झाला आणि बरीच वाहतूक तिकडं गेली. त्या मार्गावर सायकल, बैलगाडी आणि ट्रॅक्टर यांना बंदी आहे, म्हणजे तुम्ही-आम्ही तिथं नकोच. मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. जुना रस्ता थोडा मोकळा झाला.

या जुन्या रस्त्यानं मुंबई-पुणे सायकल शर्यत होत आली आहे. काही वर्षं भरली, काही वर्षं भरली नाही, पण सायकलवाल्यांत तिचं नाव मोठं. दौड दीडशे किलोमीटरच्या आसपासची, आणि तिची खरी परीक्षा या घाटात. माथा सर्वांत आधी गाठणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणून वेगळा मान. आमच्या सांगली भागातल्या पोरांनी या शर्यतीत पुष्कळ नाव काढलं आहे. माझंही घोडं तिथवर गेलं ते त्यामुळंच. पण ते कसं गेलं, ते सांगायला मला आधी गावाकडं यावं लागेल.

माझं गाव कृष्णाकाठचं. १९६० नंतरच्या पाच-सात वर्षांत, म्हणजे मी शाळकरी पोर असताना, गावात मिळून चार सायकली होत्या. एक पोस्टमनची, एक गुरुजींची, एक दूधवाल्याची, आणि एक पाटलांच्या थोरल्याला लग्नात मिळालेली. ही चौथी सायकल ओसरीवर धोतर पांघरून उभी असायची. दसऱ्याला तिला झेंडू वाहायचे आणि पुन्हा धोतर. तिच्यावर कुणी बसलेलं मी कधी पाहिलं नाही. तिची घंटी मात्र आम्ही येता-जाता वाजवून पळायचो.

शिकायचं तर बाजारच्या गावी जायला हवं. तिथं भाड्याचं दुकान होतं, तासाला पंधरा पैसे. पंधरा पैसे आणायचे कुठून? भुईमूग काढून झाला की रानात मागं राहिलेल्या शेंगांचा सरवा वेचायला आम्हां पोरांना मोकळीक असे. एक पायली शेंगा वाण्याला घातल्या की दोन-तीन तासांची सोय व्हायची. दुकानदार वहीत नाव लिहायचा, बापाचं नाव लिहायचा, आणि वर दम द्यायचा, "रिम वाकवलीस तर बैल सोडून नेईन." आमचा बैल एकच, आणि तोही अर्ध्या वाट्याचा, हे त्याला ठाऊक नव्हतं.

मोठ्या सायकलवर पाय पुरत नसत. मग उजवा पाय दांडीखालून पलीकडं घालायचा, डाव्या हातानं हॅंडल धरायचं, उजवा हात सीटला कवळा घालून, आणि हाफ पायडल मारत जायचं. शरीर सगळं एका बाजूला, सायकल दुसऱ्या बाजूला. तुमच्यात जे पन्नाशीच्या पुढचे आहेत त्यांच्या नडग्यांवर याच्या खुणा असतील, बघा. मी घाणेरीच्या जाळीत पडलो, एकदा शेणखताच्या ढिगात पडलो, एकदा थेट बाजारकऱ्याच्या वांग्यांत. पण ज्या दिवशी कुणी मागं धरलेलं नाही आणि चाक तरीही पुढं चाललंय हे ध्यानात आलं, त्या दिवशी तास संपला तरी मी परत फिरेना. जादा तासाचे पंधरा पैसे आईनं दिले आणि दोन धपाटेही दिले.

माझी आक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. तिलाही शिकायचं होतं. दिवसाउजेडी पोरीनं सायकलवर बसायचं म्हणजे त्या काळी गावभर चर्चा. म्हणून दिवेलागणीला, गोठ्यामागच्या गाडीवाटेवर, परकर खोचून ती शिकली. मागं धरायला मी. एकदा वडील वैरण घेऊन अवचित समोर आले. आम्ही दोघं गार पडलो. ते काही न बोलता गेले. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "साखळीला झाकण हाय त्या सायकलीला? परकर अडकल न्हाईतर." पुढं आक्का लग्न होऊन गेली त्या गावात ती सायकलवरून शिवणवर्गाला जाणारी पहिली बाई होती.

इथं एक गोष्ट सांगावीशी वाटते. आपल्या शेतात लोखंडी नांगर आणला तो लक्ष्मणराव किर्लोस्करांनी, १९०३ साली. पण किर्लोस्करांचं पहिलं दुकान होतं सायकलींचं, १८८८ साली, बेळगावात. आणि त्याच १८८८ साली तिकडं आयर्लंडातल्या बेलफास्ट गावात डनलॉप नावाच्या माणसानं आपल्या मुलाच्या तीनचाकीला हवा भरलेली रबरी नळी बसवून पाहिली. त्याआधी चाकांना भरीव रबर असे, हाडं खिळखिळी व्हायची. हा डनलॉप पेशानं कोण? जनावरांचा डॉक्टर! म्हणजे सायकलचं आणि शेताचं नातं पार मुळापासून आहे. मी हे सांगितलं की आमचे वडील म्हणत, "मग बैलाच्या खुरालाबी काही तरी बसवायचं हुतं की त्यानं."

हायस्कूल सात किलोमीटर लांब होतं. तेव्हा घरात जुनी हर्क्युलीस आली, चार जणांच्या हातून आलेली. सकाळी तिच्या कॅरिअरला दुधाच्या दोन किटल्या, मग शाळा, संध्याकाळी येताना पेंडीचं पोतं. पावसाळ्यात काळी माती मडगार्डात अशी ठासून बसायची की सायकल डोक्यावर घेऊन चालावं लागे. असं सहा वर्षं केल्यावर पायांना वेगळा व्यायाम लागत नाही. गावच्या जत्रेत साध्या सायकलींची शर्यत होती तिच्यात उगाच उतरलो आणि दुसरा आलो. स्टीलची घागर मिळाली. ती घागर अजून घरात आहे, बूड दोनदा बदललं.

मग नादच लागला. कुठल्या गावची जत्रा कधी, शर्यत किती किलोमीटरची, रस्ता डांबरी की खडीचा, सगळं तोंडपाठ. शर्यतीच्या आदल्या रात्री मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, साखळीचं झाकण, सगळं उतरवून ठेवायचं. वीस किलोची सायकल दोन-तीन किलोनं हलकी व्हायची. छर्रे रॉकेलमध्ये धुवायचे, नवं ग्रीस भरायचं. दुसऱ्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक चिकटवून गेलं की वारा त्याला लागतो, आपल्याला लागत नाही, आणि पाव हिस्सा तरी श्रम वाचतात, हेही तिथंच शिकलो. यात लबाडी नाही बरं का. आळीपाळीनं पुढं यायचं असतं. जो कधीच पुढं येत नाही त्याला पोरं बरोबर ओळखून ठेवतात आणि शेवटच्या किलोमीटरला कोंडतात.

बोरघाट पहिल्यांदा चढलो तो या दिवसांत. शर्यतीत पुढच्या घोळक्याबरोबर खोपोलीपर्यंत टिकलो होतो. घाट लागला आणि एकेक जण माझ्या डाव्या-उजव्या अंगानं वर निघून गेला. तेव्हा माझ्या सायकलला एकच गिअर. सीटवर बसून चढता येईना म्हणून उभा राहून पायडल दाबायचं, प्रत्येक पायडलला सगळं अंग टाकायचं, मोटेचा बैल धावेवर उतरताना जसा सगळा भार नाड्यावर टाकतो तसं. शिंगरोबाच्या देवळाशी एक ट्रक हळूहळू चढत होता. त्याच्या मागची साखळी माझ्या हातापासून दीड हातावर लोंबत होती. दोन वळणं ती तशीच शेजारी चालली. मी ती धरली नाही. मोठेपणा म्हणून सांगत नाही. मागं एक पंच मोटारसायकलवर होता म्हणून धरली नाही. तो नसता तर काय केलं असतं, ते मला आजही नक्की सांगता येत नाही. पुण्याला पोचलो तेव्हा बक्षिसं वाटून झाली होती.

१९८१ च्या सुगीत माझा गुडघा बैलगाडीखाली आला आणि शर्यती संपल्या. चालता येत होतं, सायकल रानापर्यंत जात होती, पण जोर गेला तो गेलाच. तालुक्याला शर्यती भरवणारे एक गुरुजी होते. ते घरी आले आणि खिशातून घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, दाबलं की सुरू, दाबलं की बंद. म्हणाले, "पाय गेला तर डोळे हायेत न्हवं?"

पंचाचं काम लांबून सोपं दिसतं. झेंडी पाडली, शिट्टी मारली, झालं. प्रत्यक्षात नंबर पाठीवर नीट टाचला आहे का इथपासून सुरुवात. साधी सायकल आणि गिअरची सायकल यांचे गट वेगळे ठेवायचे. वळणावर माणूस उभा करायचा, नाहीतर पोरं मधल्या रानातून पाय काढतात. कुणी गाडीला हात लावला का, कुणी अंगावर सायकल घातली का, ते पाहायचं. दहा-पंधरा जण एकाच घोळक्यात रेषेवर आले तर वेळ सगळ्यांना एकच द्यायची, क्रमांक मात्र वेगवेगळे. आणि सर्वांत महत्त्वाचं: माणसाचं डोकं किंवा छाती पाहायची नाही. पुढच्या चाकाचा टायर रेषेच्या अलीकडच्या कडेवर ज्याचा आधी आला, तो पहिला.

फ्रान्स देशात १९०३ सालापासून देशभर फिरणारी मोठी सायकल शर्यत भरते. दुसऱ्याच वर्षी, १९०४ साली, तिथं एवढ्या लबाड्या झाल्या की पहिल्या चारही जणांना पुढं बाद केलं आणि पाचव्याला विजयी ठरवलं. कुणी मध्येच आगगाडीनं गेल्याचे आरोप होते! ते वाचून मला बरं वाटलं. आमच्याकडं निदान रानातून पळत होते, आगगाडीत कुणी बसलं नव्हतं.

पण त्याच शर्यतीतली १९१३ सालची गोष्ट मला जास्त लागली. क्रिस्तोफ नावाचा गडी, जिंकण्याच्या बेतात असलेला. मोठा डोंगर उतरताना त्याच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. नियम असा की दुरुस्ती ज्याची त्यानंच करायची. सायकल खांद्यावर टाकून तो दहा किलोमीटरहून जास्त चालत खालच्या गावात आला, लोहाराची भट्टी शोधली, आणि लोखंड तापवून, ठोकून, स्वतः चिमटा जोडला. तासांमागून तास गेले. पंच बाजूला उभं राहून बघत होते. दोन्ही हात कामात असल्यानं तेवढा भाता एका पोरानं ओढला. पंचांनी वहीत लिहिलं: बाहेरची मदत घेतली. आणि वेळेचा दंड ठोठावला. पुढं तो कमी केला म्हणतात. शर्यत तर त्याच्या हातून आधीच गेली होती.

मी ही गोष्ट पुष्कळांना सांगतो. बहुतेक जण पंचांना शिव्या घालतात. मीही आधी घालत होतो. नंतर माझ्या हातून जे झालं, त्यानंतर मी दोन्ही बाजूंचा विचार करू लागलो. निदान त्या पंचांनी जे लिहिलं ते डोळ्यांसमोर घडलेलं होतं.

माझ्या हातून झालं ते असं. १९८४ सालची चैत्रातली जत्रा. गावाचं नाव सांगत नाही, कारण चूक गावाची नव्हती. साध्या सायकलींची वीस किलोमीटरची शर्यत, आणि पहिलं बक्षीस नवी कोरी सायकल. रेषेवर पंच मी. रस्त्यावर फक्कीची पांढरी रेघ मारलेली, दोन्ही बाजूंना माणसांची भिंत. सायकली आल्या आल्या अशी ओरड झाली आणि मागून रेटा आला. त्या रेट्यानं मी रेघेवरून दोन पावलं पुढं, बक्षिसाच्या मांडवाकडं सरकलो. माझ्या ते ध्यानातही आलं नाही.

दोन पोरं बरोबरीनं आली. एक माझ्या कडेनं, एक पलीकडच्या कडेनं. मला पलीकडचा हातभर पुढं दिसला. मी त्याचा नंबर पुकारला. हलगी वाजली, गुलाल उडाला, पोराला खांद्यावर घेतलं. अलीकडचा पोरगा सायकल हातात धरून माझ्याजवळ आला. सोळा-सतरा वर्षांचा असेल. धाप अजून चालू होती. म्हणाला, "पंच, मी पुढं हुतो." एकदाच म्हणाला. मी म्हणालो, "बाळ, मी डोळ्यांनी बघितलंय." तो गेला. त्याची सायकल शेजाऱ्याची, मागून आणलेली होती, हे मला नंतर कळलं.

पंधरा दिवसांनी जत्रेच्या फोटोंचा रोल धुऊन आला. बाजारातल्या फोटोवाल्यानं नेमका रेघेच्या टोकाशी स्टूल टाकून फोटो काढला होता. फोटोत रेघ सरळ समोर दिसते. अलीकडच्या पोराचा टायर फक्कीवर आलेला आहे. पलीकडच्याचा वीतभर मागं आहे.

असं का दिसलं, ते तुम्ही स्वतः करून बघा. अंगणात एक रेघ ओढा. रेघेवर दोन लोटे ठेवा, एक जवळ, एक लांब. रेघेच्या टोकाशी उभं राहून पाहिलंत तर दोन्ही एका ओळीत दिसतील. आता दोन पावलं पुढं सरका, जिकडं धावणारा जाणार असतो तिकडं, आणि समोर बघा. लांबचा लोटा पुढं गेल्यासारखा दिसेल. रेघेच्या मागं सरकलात तर उलट, जवळचा पुढं दिसेल. लोटे जागचे हललेले नसतात. तुम्ही हललेले असता.

मी जत्रेच्या मंडळींकडं गेलो. फोटो दाखवला. ते म्हणाले, निकाल लागला, बक्षीस दिलं, देव पालखीत बसून माघारी गेला, आता काय? त्यांचंही खोटं नव्हतं. ज्याला सायकल मिळाली त्या पोरानंही काही लबाडी केली नव्हती. मग एका सकाळी फोटो खिशात घालून मी त्या दुसऱ्या पोराच्या वस्तीवर गेलो. चौदा किलोमीटर, गुडघा ठणकत होता. वस्तीवर त्याची आई एकटीच, शेणी थापत होती. पोरगा शाळा सोडून कामाला लागला होता. लांबच्या हायस्कुलाला जायला सायकल नव्हती, आणि बक्षिसाची मिळेल या आशेवर त्यानं वर्ष काढलं होतं.

मी सगळं सांगितलं. तिनं हात पदराला पुसून फोटो घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, "ह्यात आमचा कुठला?" मी बोट दाखवलं. मग मी म्हणालो, "माझी सायकल ठेवून जातो. जुनी आहे, पण चालते." ती माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "तुमची कशाला? आमची हाय ती त्येंच्याकडं हाय." फोटो मात्र तिनं ठेवून घेतला. "आल्यावर दावते," म्हणाली. मला गूळपाणी दिलं. ते पिताना जो घाम आला, तसा मला बोरघाटात कधी आला नाही.

तीन महिन्यांनी पोस्टकार्ड आलं. मोठ्या अक्षरात दोनच ओळी. फोटो पाहिला. मीच हाय. खाली सही. तो पोरगा पुन्हा मला कुठल्या शर्यतीत दिसला नाही. पुढं तो ट्रॅक्टर चालवायला लागल्याचं बाजारात कानावर आलं.

तेव्हापासून मी कुठंही रेषेवर उभा राहायचा असलो की आधी कासरा किंवा सुतळी मागून घेतो. रेघेच्या दोन्ही टोकांना रस्त्याबाहेर खुंट्या ठोकायच्या, म्हणजे रेघ दोन्ही बाजूंना वाढवल्यासारखी. आपल्या बाजूला दोन खुंट्या, त्यांच्यामध्ये सुतळी ताणलेली, आणि आपण त्या सुतळीच्या मागं, दोन्ही खुंट्या एकात एक दिसतील असं उभं राहायचं. खुंट्या वेगळ्या दिसायला लागल्या की समजायचं आपण हललो. भोवती बांबूचा कूड करायचा, लोकांचा रेटा लागू नये म्हणून. आणि समोरच्या बाजूला दुसरा पंच तसाच उभा करायचा. दोघांनी एकमेकांशी न बोलता आधी कागदावर नंबर लिहायचा, मग ताडून बघायचा. दोघांचं जुळलं नाही तर दोघांना पहिला म्हणायचं आणि बक्षीस वाटून द्यायचं. मोठ्या शर्यतींत आता रेषेवर कॅमेरा असतो, हजारो भागांत सेकंद मोजतो. गावच्या जत्रेला तो परवडत नाही. सुतळी परवडते. तुमच्या गावात सायकलींची, बैलगाड्यांची, पळण्याची, कसलीही शर्यत असो, यंदा एवढं करून बघा.

गुरुजींनी माझं हे सुतळीचं प्रकरण कुठंतरी सांगितलं असावं. म्हणून मला बोरघाटाच्या माथ्यावर मदतनीस पंच म्हणून बोलावणं आलं. तिथं माझं काम ठरलेलं: 'घाटाचा राजा' कोण, ते दुसऱ्या पंचाबरोबर बघायचं आणि माथा ओलांडणाऱ्या प्रत्येकाची वेळ वहीत घालायची.

माथ्यावर उभं राहिलं की सकाळी खाली दरीत धुकं असतं. खोपोली दिसत नाही. आगगाडीची शिट्टी बोगद्यातून येते, माकडं कठड्यावर बसून आपली वाट बघतात, म्हणजे आपल्या डब्याची. जवळच एक जुना दगडी पूल होता, १८३० सालचा, अमृतांजन पूल म्हणून सगळे ओळखत. एप्रिल २०२० मध्ये तो पाडला. आम्ही त्याच्या सावलीला घड्याळं जुळवत होतो. आधी पायलट गाडीचा भोंगा ऐकू येतो, मग वळणावर पुढचे दोन-तीन जण दिसतात. तोंडं उघडी, डोळे कुठंच न बघणारे, घाम हॅंडलवरून थेंबाथेंबानं पडतोय. त्यांच्या सायकली आता हलक्या झाल्या आहेत. माझी वीस किलोची होती, आणि जागतिक शर्यतींत तर सायकल ६.८ किलोच्या खाली नको असा नियम करावा लागला आहे. पण चढ तोच आहे. ट्रकच्या साखळ्याही तशाच लोंबत असतात.

पुढचे दहा-बारा जण गेले की गर्दी पांगते. फोटोवाले जीपमध्ये बसून लोणावळ्याकडं पळतात. मला खरं आवडतो तो पुढचा तासभर. एकटे-दुकटे येत राहतात. कुणी बूट काढून हॅंडलला अडकवलेले, कुणी स्वतःशीच बोलत. एका वर्षी आम्ही सामान आवरायला घेतलं होतं, सुतळी गुंडाळून झाली होती. मागची गाडी आली आणि ड्रायव्हरनं एक बोट वर केलं. एक बाकी आहे.

दहा मिनिटांनी तो वळणावर दिसला. साखळी तुटली होती, ती त्यानं गळ्यात घातली होती, आणि सायकल ढकलत चालत येत होता. वयानं लहान, पाठीवरचा नंबर घामानं अर्धा सुटून लोंबत होता. गाडीत बस म्हणून ड्रायव्हर सारखा सांगत होता, तो मान हलवत होता. मला बघून त्यानं लांबूनच ओरडून विचारलं, "चालत चालतंय का, पंच?"

चालतं. सायकल बरोबर असली की चालत रेषा ओलांडलेली चालते, तसा नियम आहे. मी त्याला हात केला. मग गुडघ्यावर बसून खुंट्या पुन्हा ठोकल्या, सुतळी ताणली, मागं उभा राहिलो, आणि त्याचं पुढचं चाक फक्कीला लागलं तेव्हा घड्याळ बघून वहीत त्याचा नंबर आणि वेळ लिहिली.